आधीं पाटीवर, मग वहींत

पूर्वीं शाळेंत नव्या मुलाच्या हातीं एकदम वही देत नसत. त्याला आधीं पाटी मिळे. पाटीवरचें अक्षर वेडेंवांकडें आलें तर ओल्या बोळ्यानें तें पुसावें आणि पुन्हां काढावें. यांत ना शाईचा खर्च, ना कागदाचा, ना कोणाच्या रागाची भीति. अक्षराला वळण लागलें म्हणजे मग वही, दौत आणि टांक. वहींतली चूक राहून जाते. पाटीवरची चूक शिकवून जाते. संगणकाच्या व्यवहारांतहि अशी एक पाटी आहे आणि पुष्कळ घरांना तिचा उपयोग ठाऊक नाहीं. तिला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, असें म्हणतात. त्या पाटीवर एखादी हलकी, थोडक्यांत भागविणारी कार्यप्रणाली कशी बसवावी, आणि ती आधीं तेथेंच कां बसवावी, हें सांगण्याचा आजच्या भाषणाचा हेतु आहे. त्यासाठीं वरोऱ्याच्या एका घरची हकीकत घेऊं.

वरोरा हें चंद्रपूर जिल्ह्यांतलें, वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरचें गांव. याच गांवाजवळ बाबा आमटे यांनीं, लोकांनीं निरुपयोगी ठरविलेल्या खडकाळ जमिनींत, आनंदवन वसविलें; त्यांच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची. लोकांनीं बाजूस सारलेलें पुन्हां उपयोगीं आणण्याची शिकवण या गांवाला नवी नाहीं. येथें टपाल खात्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलगा, सून आणि महाविद्यालयांत शिकणारी नात यांच्यासह राहतात. नात त्यांना आबाजी म्हणते. आपणहि तसेंच म्हणूं.

या घरांत २०१० सालीं घेतलेला एक संगणक आहे. त्याचा प्रोसेसर दोन गाभ्यांचा, स्मृति म्हणजे रॅम दोन गिगाबाइट आणि कार्यप्रणाली विंडोज ७. घरच्या आजींनीं वरोरा आणि भद्रावती या तालुक्यांतल्या खेड्यांतून बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून वह्यांत उतरविल्या होत्या, आणि मागाहून याच संगणकावर, एका बोटानें एकेक कळ शोधीत, टाइप केल्या होत्या. वह्या एका पावसाळ्यांत भिजून गेल्या. तीन वर्षांपूर्वीं आजीहि गेल्या. उरलें तें एवढेंच यंत्र आणि त्यांतल्या ओव्या. त्या यंत्राला कोणी हात लावलेला आबाजींना खपत नसे.

पण यंत्राला वय असतेंच. सकाळीं कळ दाबावी तों चहा होऊन जाई तरी पडदा तयार होत नसे. विंडोज ७ ची सुरक्षाविषयक डागडुजी १४ जानेवारी २०२० पासून बंद झाली; तिच्या नंतरच्या विंडोज १० चा नियमित आधारहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आणि विंडोज ११ बसवावी तर तिला किमान चार गिगाबाइट स्मृति, चौसष्ट गिगाबाइट जागा आणि टी.पी.एम. नांवाचा एक सुरक्षा-घटक लागतो. जुन्या यंत्राजवळ यांतलें पुरेसें कांहीं नव्हतें. गांवांतल्या एका दुरुस्तीवाल्यानें दोन वाक्यांत निकाल दिला. नवीन घ्या, नाहीं तर सगळें फॉरमॅट मारून देतों. आबाजी संगणकाची पेटी पिशवींत घालून तशीच परत घेऊन आले.

नातीनें सुचविलें कीं, यंत्र म्हातारें झालें असलें तरी मेलेलें नाहीं. त्याच्या खांद्यावरचें ओझें मात्र हलकें केलें पाहिजे. हें ओझें म्हणजे काय, तें आधीं पाहूं.

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ही संगणकाच्या घरची कारभारीण. कोणत्या कामाला किती स्मृति द्यावयाची, कोणाची पाळी केव्हां यावयाची, डिस्कवर कोणती वस्तु कोठें ठेवावयाची, छपाईयंत्राशीं आणि कळफलकाशीं बोलणें कसें करावयाचें, हा सगळा कारभार ती पाहते. कांहीं कारभारणींना स्वतःच्याच इतमामासाठीं घरांतलें अर्धें धान्य लागतें. कांहीं मूठभरांत भागवितात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स हा गाभा लिहून जगाला खुला केला. त्या गाभ्याभोंवतीं पुढें अनेकांनीं अनेक कार्यप्रणाली उभ्या केल्या. १९९३ सालीं सुरू झालेली डेबियन ही त्यांतली एक जुनी आणि विश्वासाची. आपल्या देशांतील सी-डॅक या सरकारी संस्थेनें केलेली ‘बॉस’ ही प्रणालीहि डेबियनवरच उभी आहे. कमी खर्चांत चालणाऱ्या प्रणालींत टायनी कोअर, पपी, अँटीएक्स, लुबुंटू अशीं नांवें आढळतात. यांतल्या टायनी कोअरचा सारा पसारा पडद्यावरच्या खिडक्यांसह वीस-पंचवीस मेगाबाइटांत मावतो. भ्रमणध्वनीनें काढलेल्या पांच-सहा छायाचित्रांना जेवढी जागा लागावी तेवढ्यांत!

हें ऐकून एखाद्याला वाटेल कीं, मग उशीर कशाला? उचलावी आणि बसवावी. येथेंच पाटीची आठवण ठेवावयाची. कार्यप्रणाली बसवितांना एक क्षण असा येतो कीं, यंत्र विचारतें, डिस्कवरचा सर्व मजकूर पुसून टाकूं ना? तेथें होकार देणाऱ्याला आपण कोणत्या डिस्कविषयीं, कशासाठीं होकार देत आहों, हें पुरतें ठाऊक असलें पाहिजे. पहिल्याच खेपेस तें कोणालाहि ठाऊक नसतें. पोहणें शिकावयाचें तर ओढ्याच्या उथळ पाण्यांत. पुराच्या दिवशीं वर्धा नदींत नव्हे.

आभासी यंत्राची कल्पना आजची नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रांत, एका अवाढव्य आणि महागड्या संगणकावर अनेकांना एकाच वेळीं काम करतां यावें म्हणून, प्रत्येकाला जणूं स्वतंत्र संगणकच मिळाला आहे असा भास निर्माण करण्याची युक्ति निघाली. १९७२ सालीं त्या कंपनीनें व्ही.एम./३७० या नांवानें ती बाजारांत आणली. १९७४ मध्यें पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघां शास्त्रज्ञांनीं अशा व्यवस्थेच्या कसोट्या मांडल्या. आभासी यंत्रांतला कार्यक्रम खऱ्या यंत्रांतल्यासारखाच वागला पाहिजे. साधनसंपत्तीवर ताबा देखरेख करणाऱ्याचाच राहिला पाहिजे. आणि वेगांत फारसा तोटा होतां कामा नये. घरगुती संगणकाचे प्रोसेसर या कसोट्यांना पुष्कळ दिवस नीट उतरत नव्हते. १९९९ सालीं व्हीएमवेअर या कंपनीनें कौशल्यानें त्यांतून वाट काढली. पुढें इंटेलनें २००५ मध्यें व ए.एम.डी.नें २००६ मध्यें प्रोसेसरमध्येंच तशी सोय केली, आणि २००७ मध्यें जर्मनींतल्या एका कंपनीनें व्हर्च्युअलबॉक्स हें साधन खुलें केल्यावर ही विद्या घरोघर जाण्याजोगी झाली. आज व्हर्च्युअलबॉक्स ओरॅकल कंपनीकडे आहे आणि त्याचा मुख्य भाग विनामूल्य मिळतो.

या व्यवहारांतले दोन शब्द मात्र आपल्या घरच्यासारखे आहेत. खरा संगणक तो यजमान आणि आभासी यंत्र तो पाहुणा. यजमान आपल्या स्मृतींतला एक हिस्सा पाहुण्यासाठीं काढून देतो. आपल्या डिस्कवर एक मोठी फाईल तयार करून हीच तुझी डिस्क असें त्याला सांगतो. पाहुण्याला दाराबाहेरचें कांहीं दिसत नाहीं. त्यानें ‘सर्व डिस्क पुसली’ असें म्हटलें तरी पुसली जाते ती त्या एका फाईलींतली अक्षरें. यजमानाच्या वस्तूंना धक्का लागत नाहीं.

नातीनें प्रयोग केला तो जुन्या संगणकावर नव्हे. त्याला स्वतःचेंच ओझें पेलत नव्हतें. त्याच्या दारीं पाहुणा कोठें उतरवावयाचा? तिच्या स्वतःच्या लॅपटॉपला आठ गिगाबाइट स्मृति होती. तो यजमान झाला. पण पाहुण्याला तिनें दोनच गिगाबाइट स्मृति दिली आणि वीस गिगाबाइटांची डिस्क. आबाजींनीं विचारलें, ‘‘एवढी स्मृति असतांना हात आंखडता कां?’’ ती म्हणाली, ‘‘आबाजी, तुमच्या संगणकाची जेवढी ऐपत, तेवढ्यांतच संसार करून पाहायचा आहे. चार दिवस पंचपक्वान्नें खाऊं घातलीं तर घरीं गेल्यावर भाजी-भाकरी कशी गोड लागणार?’’ तालीम करावयाची तर रंगभूमीच्या मापाच्याच जागेंत, हें तिचें म्हणणें आबाजींना पटलें.

पहिल्या खेपेस तिनें टायनी कोअर घेतली. ती हां-हां म्हणतां उतरली आणि चालूंहि लागली. आबाजी चकित झाले. मग तिनें वाचनाचें एक साधन तिला जोडून एक मराठी मजकूर उघडला, तर अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकोनांच्या ओळी! त्या प्रणालींत देवनागरीचा टंकच नव्हता. हलकेपणाची किंमत अशी कोठें तरी चुकवावी लागते. प्रवासाला निघतांना वळकटी हलकी करावी हें खरें. पण आंतून काय काढलें तें पाहून घ्यावें. टंक मागाहून जोडतां आला असता, तसेंच कळफलकाची सोय, छपाईची सोय, एकेक करून आणतां आली असती. पण मग ज्या आबाजींना तें यंत्र रोज वापरावयाचें, त्यांना प्रत्येक वेळीं नातीची वाट पाहावी लागती. तिनें तो पाहुणा एका आज्ञेनें पुसून टाकला. यजमानाचें कांहीं बिघडलें नाहीं. पाटी पुन्हां कोरी झाली.

दुसऱ्या खेपेस डेबियन घेतली. तिची प्रतिमा-फाईल, जिला आय.एस.ओ. म्हणतात, एक गिगाबाइटाहून कमी आकाराची असते. बाकीचें सामान बसवितांना इंटरनेटवरून येतें. फाईल उतरवून घेतल्यावर नातीनें तिची बेरीज-तपासणी केली. फाईल देणारे तिच्यासोबत अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक खूण प्रसिद्ध करतात. आपल्याकडे आलेल्या फाईलीवरून काढलेली खूण तीशीं तंतोतंत जुळली, तर फाईल वाटेंत खराब झालेली नाहीं हें समजतें. जन्म टपाल खात्यांत गेलेल्या आबाजींना हें लगेच उमगलें. रजिस्टर पाकिटावरची लाख फुटलेली नाहीं ना, हें पाहूनच पाकीट पुढें पाठवावयाचें, तसाच हा प्रकार.

पुढच्या पायऱ्या सांगण्यासारख्या आहेत. व्हर्च्युअलबॉक्समध्यें नवें यंत्र निर्माण करावें, त्याला नांव द्यावें, स्मृति आणि डिस्क नेमून द्यावी, आणि आय.एस.ओ. फाईल त्याच्या सी.डी.च्या जागीं लावावी. यंत्र सुरूच होत नसेल तर यजमान संगणकाच्या बायोसमध्यें व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद आहे काय तें पाहावें. नवशिक्याची पहिली ठेच बहुधा येथेंच लागते. मग प्रणाली बसविण्याचीं पानें येतात. डेबियनचीं हीं पानें चित्रमय पद्धतींत मराठींतूनहि मिळतात. भाषा, देश, कळफलक, यंत्राचें नांव, व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द आणि वापरणाऱ्याचें नांव असे प्रश्न होतात. नंतर डिस्कचे भाग पाडण्याचें पान. शेवटीं कोणता डेस्कटॉप हवा हा प्रश्न; तेथें नातीनें एल.एक्स.डी.ई. हा हलका डेस्कटॉप निवडला. सगळें संपल्यावर यंत्र पुन्हां सुरू करावयाचें; तेव्हां आय.एस.ओ. फाईल काढून घेतली नसेल तर कधीं कधीं बसविण्याचीं पानें पहिल्यापासून येऊं लागतात, आणि माणसाला वाटतें कीं सारें फुकट गेलें. तसें नसतें. फाईल काढावी म्हणजे झालें.

डिस्कच्या पानावर आबाजी अडले. उंदीर हातांत होता, बोट कळीवर होतें, आणि पडद्यावर डिस्कवरील मजकूर नष्ट होईल असा इशारा. त्यांनीं हात मागें घेतला. नात म्हणाली, ‘‘आबाजी, ही पाटी आहे.’’ त्यांनीं कळ दाबली. त्या आठवड्यांत त्यांनीं तेंच काम सात वेळां केलें. एकदां मुद्दाम भाग चुकीचे पाडले. एकदां परवलीचा शब्द विसरून पाहिला. एकदां नातीनें काम अर्ध्यावर असतां पाहुण्याची वीज तोडली, म्हणजे तें आभासी यंत्र एकदम बंद केलें. उन्हाळ्यांत या भागांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, तेव्हां तसें झाल्यास काय दिसतें तें पाहावें म्हणून. अर्धवट प्रणाली उठेना. ती पुसून पुन्हां बसविली. त्या प्रयोगांतून एवढें ठरलें कीं, खऱ्या यंत्राच्या वेळीं घटकाभर वीज पुरविणारी बॅटरी, म्हणजे यू.पी.एस., जवळ असल्यावांचून हात लावावयाचा नाहीं.

व्हर्च्युअलबॉक्सची आणखी एक सोय या काळांत उपयोगीं पडली. तिला स्नॅपशॉट म्हणतात. पाहुणा ज्या स्थितींत आहे त्या स्थितीची नोंद करून ठेवावयाची. मग वाटेल तो प्रयोग करावा, बिघडलें तर त्या नोंदीच्या क्षणाला परत यावें. मात्र ही नोंद म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. ती यजमानाच्याच डिस्कवर असते. यजमान कोसळला तर पाहुणा आणि त्याच्या सर्व नोंदी एकदमच जातात.

येथपर्यंत सगळें सुरळीत झालें. मग नातीनें आजींच्या ओव्यांची एक प्रत पाहुण्या यंत्रांत नेऊन उघडली, आणि आबाजींचा चेहरा उतरला. पडद्यावर ना ओवी होती, ना देवनागरी. रोमन अक्षरें, अंक आणि चिन्हें यांची नुसती खिचडी होती.

याचें कारण मराठी संगणकाच्या इतिहासांत आहे. जुन्या काळीं अनेक मराठी टंक असे बनविलेले असत कीं, यंत्राच्या लेखीं मजकूर रोमन अक्षरांचाच. फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढविलेले. तो टंक यंत्रांत असेपर्यंत मुखवटा दिसे; टंक नाहीं तर मुखवटा गळून पडे. त्यांतहि टंकाटंकाचे संकेत वेगळे. युनिकोड या जागतिक संकेतमालेनें १९९१ पासून देवनागरीला स्वतःचीं १२८ स्थानें दिलीं, त्यामुळें क हा कोणत्याहि यंत्रांत क च राहतो. पण आजींनीं टाइप केलें तें जुन्या टंकांत. आणि नव्या हलक्या प्रणालींत तो टंक नव्हता.

दुरुस्तीवाल्याच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून यंत्र पुसलें असतें तर काय झालें असतें, याची श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. फाईलींची प्रत काढून ठेवली असती तरी ती प्रत म्हणजे न उलगडणारी खिचडी. आणि तिचा खरा अर्थ दाखविणारा जो एकुलता एक साक्षीदार, म्हणजे तो टंक असलेलें जुनें यंत्र, तो आपल्याच हातानें मुका केलेला.

असा मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारे परिवर्तक, म्हणजे कन्व्हर्टर, असतात. त्यांना वाटतें तेवढें सोपें काम नसतें. उदाहरणार्थ, ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधीं दिसते, म्हणून जुन्या टंकांत ती आधीं टाइप होई. युनिकोडमध्यें ती उच्चाराप्रमाणें अक्षराच्या नंतर येते. म्हणून परिवर्तकाला प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे ठेवावी लागते. नातीनें परिवर्तक चालविला. ओव्या दिसूं लागल्या. आबाजी वाचूं लागले, आणि थोड्याच ओळींनंतर थांबले. ‘‘हें कोणतें गांव?’’ त्यांनीं विचारलें. पडद्यावर ‘वरोर्याच्या’ असें आलें होतें.

हा प्रश्न साधा नाहीं. मराठींत दोन र आहेत. सूर्य, आर्य या शब्दांतला र अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. वरोऱ्याचा र मात्र आडवा, अर्धा, हलक्या उच्चाराचा. आचार्यांना बोलावलें तर शास्त्रचर्चा होईल. आचाऱ्यांना बोलावलें तर जेवण होईल. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. मराठीपेक्षां हिंदी डोळ्यांपुढें ठेवून केलेल्या साधनांत हा भेद सुटूं शकतो, कारण हिंदीला त्याची गरज नाहीं. युनिकोडमध्यें या अर्ध्या र ची सोय आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर र असतो, तीच शिफ्टसह दाबली असतां बिंदुयुक्त ऱ मिळतो. त्यापुढें पायमोडका आणि मग य दिला कीं ‘ऱ्य’ उमटतो. सोय आहे, ती वापरावी लागते एवढेंच.

मग आजोबा-नातीनें पुढचे कित्येक दिवस एक काम केलें. जुन्या संगणकावर आजींची मूळ फाईल आणि शेजारीं लॅपटॉपवर पाहुण्या यंत्रांत परिवर्तित फाईल, अशा दोन्ही उघडून ओळीला ओळ लावून वाचली. एके ठिकाणीं परिवर्तकानें ‘दर्या’ दिला होता. ओवींतली लेक माहेरची वाट सांगत होती, आणि वाक्याचा अर्थ दोन्ही शब्दांनीं लागत होता. समुद्र न पाहिलेल्या बाईच्या ओवींतहि दर्या येऊं शकतो. तोंडोंतोंडीं आलेले शब्द दूरवरून आलेले असतात. तर्कानें हा वाद मिटला नसता. तो मिटला जुन्या पडद्यावर पाहून. तेथें आजींनीं ‘दऱ्या’ असें स्पष्ट टाइप केलें होतें. साक्षीदार जिवंत होता म्हणून साक्ष मिळाली.

पाटीवर सर्वच कळत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. आभासी यंत्राला छपाईयंत्र, वायफाय, पडद्याचें कार्ड हीं सारीं खरीं नसतात. यजमान त्यांची सोंगें पुरवितो. जुन्या यंत्राचें खरें कार्ड नव्या प्रणालीला ओळखतां येईल कीं नाहीं, हें पाहुण्याकडून समजत नाहीं. त्यासाठीं दुसरी पायरी असते. प्रणालीची ‘लाइव्ह’ प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, जुनें यंत्र त्यावरूनच सुरू करावें आणि डिस्कला हात न लावतां सर्व अवयव चालतात कीं नाहीं तें पाहावें. या घरीं पडदा, आवाज आणि छपाईयंत्र चाललें. वायफाय चाललें नाहीं, म्हणून तार जोडली. आणखी एक मर्यादा अशी कीं, प्रणाली हलकी झाली म्हणून इंटरनेटवरचीं पानें हलकीं होत नाहींत. दोन गिगाबाइट स्मृतींत आजकालचीं चित्रांनीं आणि जाहिरातींनीं भरलेलीं अनेक पानें एकदम उघडूं पाहणाऱ्याची निराशाच होईल. लिहिणें, वाचणें, हिशेब ठेवणें, छापणें, पत्र पाठविणें एवढ्यासाठीं मात्र तें यंत्र आणखी कांहीं वर्षें सुखानें चालण्याजोगें आहे.

शेवटीं तिसरी पायरी. ओव्यांच्या मूळ फाईली, परिवर्तित फाईली आणि जुन्या टंकाची फाईल यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या जागीं ठेवल्या. एक घरीं कपाटांत, दुसरी नागपूरला आबाजींच्या मुलीकडे. प्रत ठेवली एवढ्यावर न थांबतां ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. न उघडलेली प्रत म्हणजे न वाचलेलें मृत्युपत्र. जुन्या यंत्रांतली डिस्क पुसावयाचीच नाहीं असें ठरलें. ती काढून, कागदांत गुंडाळून, तारीख घालून ठेवली आणि तिच्या जागीं एक लहानशी नवी डिस्क बसविली. पाटीवर सात वेळां गिरविलेल्या हाताला आतां कोणत्या पानावर काय विचारणार, हें पाठ होतें. नात शेजारीं बसली होती, पण तिला बोलावें लागलें नाहीं. पुसून टाकण्याच्या पानावर आबाजींनीं डिस्कचें नांव आणि आकार मोठ्यानें वाचला, तो कागदावर लिहिलेल्याशीं ताडून पाहिला आणि कळ दाबली.

पाऊण तासानें त्या सोळा वर्षांच्या यंत्रावर नवा पडदा उजळला. आबाजींनीं ओव्यांची फाईल उघडली. वरचें नांव आजींनीं कधीं घातलेंच नव्हतें. त्यांनीं कळफलक जवळ ओढला, र ची कळ शिफ्टसह दाबली, पायमोडका दिला, य दिला, आणि मथळा लिहिला: वरोऱ्याच्या ओव्या.

जुन्या वस्तूंनीं भरलेल्या घरांत काय टाकावें आणि काय ठेवावें हा प्रश्न सर्वांनाच पडतो. त्याचें उत्तर देण्याची घाई नसावी. ज्या पाटीवर चूक करून पाहतां येते ती पाटी आज विनामूल्य मिळते. वहीला हात घालण्यापूर्वीं तिच्यावर चार वेळां गिरवून घेण्यांत कमीपणा नाहीं.